दूध कशात तापवता?

माझे अब्बा कल्हईवाले होते. धुळ्यात मौलवीगंज भागात आमचे दोन खोल्यांचे घर होते. पण पावसाळा सोडला तर अब्बा घरी फारसे नसत. सायकलच्या कॅरियरला भाता आणि कोळशाचे पोते, हँडलला अडकवलेल्या पिशवीत कथलाच्या कांड्या, नवसागराची पुडी आणि कापसाचे बोळे. कधी साक्री रस्त्याने, कधी पारोळा रस्त्याने एकेक गाव करायचे, पाराजवळ खड्डा खणून भट्टी लावायची आणि हाळी द्यायची. सुट्टीत मीही त्यांच्याबरोबर जायचो. भाता मारण्याचे काम माझ्याकडे असे. भांडे तापले की अब्बा नवसागर टाकत, पांढरा धूर उठे, कथलाची कांडी भांड्याला लावली की ती लोण्यासारखी वितळे आणि कापसाचा बोळा फिरवता फिरवता काळवंडलेले भांडे आतून चांदीसारखे होई. ते बघताना मला नेहमी वाटे की आपले अब्बा जादूगार आहेत.

1972 च्या दुष्काळात ही जादू थांबली. लोकांच्या हाती पैसा नव्हता. साक्री रस्त्यावरच्या एका गावी अब्बांचे ठरलेले एक घर होते. त्या घरच्या बाईने त्या वर्षी भांडी काढलीच नाहीत. "अवंदा ऱ्हाऊ द्या भाऊ," एवढेच म्हणाली. घरात पाळणा बांधलेला होता. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा पाळण्यातले मूल चालायच्या वयाचे झाले होते, पण चालत नव्हते. हातपाय काड्या, पोट नगाऱ्यासारखे, डोळे हळदीसारखे पिवळे. लोक म्हणत, "लिव्हर वाढलं." दर्ग्यावर दोरा बांधून झाला होता, देवाला नवस झाला होता, गावठी औषध झाले होते. त्यानंतरच्या खेपेला पाळणा सोडलेला होता. त्या घरातले त्याच दुखण्याने गेलेले ते दुसरे मूल होते. अब्बा ओट्यावर बराच वेळ नुसते बसून राहिले. आम्ही त्या गावात भट्टी न लावताच परतलो.

ही आठवण मी विसरलो होतो असे म्हणता येणार नाही, पण ती कुठे ठेवावी ते कळत नव्हते. तिची जागा मला दहा-अकरा वर्षांनी एका बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात सापडली.

1984 साली मी कॉलेजात होतो आणि संध्याकाळी धुळ्यातल्या एका लहान मुलांच्या डॉक्टरांकडे नंबर पुकारायचे काम करत होतो. केसपेपर काढणे, बाळाचे वजन करणे, पोस्टाने आलेले टपाल फोडून टेबलावर ठेवणे ही कामेही माझ्याकडे होती. दर महिन्याला टपालात एक जर्नल येई. नाव 'इंडियन पेडिॲट्रिक्स'. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना 1963 साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिचे हे मुखपत्र सुरू झाले. संघटनेच्या सभासद डॉक्टरांना ते घरपोच मिळे. त्याहून जुने 'इंडियन जर्नल ऑफ पेडिॲट्रिक्स'. ते 1933 साली कलकत्त्यात डॉ. के. सी. चौधरी यांनी सुरू केले होते. स्वातंत्र्याच्या चौदा वर्षे आधी कुणीतरी ठरवले होते की आपल्या मुलांच्या आजारांविषयी आपण आपल्या देशात लिहायचे. मला या गोष्टीचे फार अप्रूप वाटे.

परदेशी जर्नल्स महाग होती. लंडनचे 'आर्काइव्ज ऑफ डिसीज इन चाइल्डहूड', अमेरिकेचे 'पेडिॲट्रिक्स', आणि 1823 पासून निघणारे 'लॅन्सेट' डॉक्टरसाहेबांना पुण्या-मुंबईच्या मित्रांकडूनच मिळत, तीही झेरॉक्सच्या पानांत. धुळ्यात तेव्हा सरकारी मेडिकल कॉलेज नव्हते, ते त्या दशकाच्या अखेरीस आले. जळगावला तर ते 2018 साली आले. तेव्हा खान्देशातल्या डॉक्टरने वाचायचे ठरवले तर ते स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या झोपेतून वाचायला लागे.

दवाखान्यात छापील कागद आणखी एका वाटेने येत. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी चकचकीत घड्या आणत. त्यांवर गोंडस बाळाचे चित्र, आलेख आणि खाली बारीक अक्षरात एखाद्या जर्नलचे नाव असे. मी एकदा विचारले, "साहेब, यातही जर्नलचंच लिहिलंय की. मग हे तुम्ही रद्दीत का टाकता?" ते म्हणाले, "कागद कुठलाही असो, त्याला तीन प्रश्न विचारायचे. मुलं किती बघितली? ती कोणाशी ताडून बघितली? आणि पैसा कोणाचा? या तीन प्रश्नांची उत्तरं देईल तो कागद ठेवायचा. लॅन्सेट असलं तरी विचारायचं." हे तीन प्रश्न मी तेव्हा वहीत लिहून घेतले. कॉलेजात शिकलेले बरेच विसरलो, हे राहिले.

एके दिवशी शेवटचा पेशंट गेल्यावर त्यांनी मला आत बोलावले. टेबलावर झेरॉक्सची तीन-चार पाने होती.

"तुझे अब्बा कल्हई करतात ना?"

"हो साहेब."

"मग सांग बरं, पितळेच्या भांड्याला कल्हई का लावतात?"

मला हसू आले. हे काय विचारणे झाले! मी म्हणालो, "नाही लावली तर पदार्थ कळकतो. ताक, आमटी, चिंचेचं काहीही. हिरवट होतं, मळमळतं, उलट्या होतात."

"आणि दूध?"

मी गप्प झालो. दूध आंबट नाही. दुधाचे भांडे कल्हईवाचून चालते असेच सगळे मानत. पैसे कमी असले की बायका आमटीचे पातेले कल्हईला देत आणि दुधाचे मागे ठेवत.

डॉक्टरसाहेबांनी ती पाने माझ्यापुढे सरकवली. तो 1983 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला लेख होता. लिहिणाऱ्यांत ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर होते आणि त्यांच्याबरोबर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित होते. विषय होता इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस. आजाराच्या नावातच आपला देश! सहा महिने ते तीन-चार वर्षे वयाच्या मुलांचे यकृत दगडासारखे घट्ट होत जायचे, मग कावीळ, पोटात पाणी आणि मृत्यू. एकाच घरात पाठोपाठची भावंडे जायची. या मुलांच्या यकृतात तांबे प्रचंड प्रमाणात सापडत होते. ते येते कुठून? या मंडळींचे म्हणणे असे की आईचे दूध लवकर तोडून गाई-म्हशीचे दूध दिले जाते आणि ते दूध कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून त्यातच ठेवले जाते. दुधातले प्रथिन धातूतले तांबे ओढून घेते. दिसायला दूध पांढरेच राहते. आईच्या दुधात हे तांबे नसते.

मला ते घर आठवले. ओट्यावर बसलेले अब्बा आठवले. मी डॉक्टरसाहेबांना सगळे सांगितले. ते म्हणाले, "त्या एका मुलाचं मी आज सांगू शकत नाही. मी त्याला तपासलेलं नाही. आणि हा लेखही अजून शक्यता म्हणतो, निकाल देत नाही. पण विचारायला काय जातं?"

दुसऱ्या दिवसापासून केसपेपरवर मी एक नवी ओळ लिहू लागलो. वजन घेतानाच विचारायचे, "दूध कसामा तपाडतस माय?" बायका चकित होत. डॉक्टरकडे येऊन भांड्याचे काय सांगायचे? "पितळना पातेलामा, आखो कसामा?" असे उत्तर आले की आत डॉक्टरसाहेब पोट चाचपायला थोडा जास्त वेळ घेत. आणि निघताना सांगत, "मूल सहा महिन्यांचं होईपर्यंत अंगावरच पाजा. वरचं दूध द्यायची वेळ आली तर स्टीलच्या भांड्यात तापवा."

स्टीलच्या! तो शब्द मला बोचला. मी त्यांना विचारले, "साहेब, चांगली कल्हई असेल तर?"

"चांगली असेल तर ठीक. पण ती कधी उडाली हे त्या आईला कळतं का? तुझ्या अब्बांनाच विचार."

रात्री जेवताना मी अब्बांना विचारले. सगळे सांगितले. लेख, पुणे, तांबे, दूध. ते घासाचा हात तसाच ठेवून ऐकत होते. मग म्हणाले, "खट्टी चीज का मालूम था. दूध का किसीने नहीं बताया." थोड्या वेळाने, "कलई उडती है तो मेरे को दिखता है. घरवाली को नहीं दिखता." पुढे काही बोलले नाहीत. अम्मी माझ्याकडे रागाने बघत होती. आमच्या घरची चूल त्याच कल्हईवर पेटत होती आणि तिचा कॉलेजात जाणारा मुलगा लोकांना स्टील घ्यायला सांगत होता.

पुढच्या रविवारी मी अब्बांबरोबर गावाला गेलो. हाळी दिली, बायका भांडी घेऊन आल्या. एकीच्या कडेवर मूल होते. अब्बांनी तिचे दुधाचे पातेले हातात घेतले, आत बघितले आणि म्हणाले, "बाई, या बाळाच्या दुधाला स्टीलचं एक पातेलं घ्या. बाकीच्याला कल्हई करून देतो. आज स्टीलचं नसेल तर याला आधी करतो, पैसे मागाहून." त्या दिवसापासून पाळणा असलेल्या प्रत्येक घरी ते हेच सांगत. धंदा तसाही उतरणीला लागला होता. स्टील येतच होते, ते काही आमच्यामुळे आले नाही. पण त्या तिसऱ्या प्रश्नाचे, पैसा कोणाचा याचे, इतके स्वच्छ उत्तर मी पुढे कुठल्याही कागदावर वाचले नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी नंतर या शंकेचा पाठपुरावा केला. आजारी मुलांच्या खाण्यापिण्याचा इतिहास तशाच वयाच्या निरोगी मुलांशी जोडीजोडीने ताडून 1987 साली मांडला. त्याच वर्षी 'आर्काइव्ज'मध्ये तांबे शरीराबाहेर काढणाऱ्या पेनिसिलामाइन या औषधाच्या चाचण्या आल्या. लवकर सापडलेल्या मुलांत त्याचा उपयोग होत होता. ज्या घरात एक मूल गेले होते तिथली भांडी बदलून पाठची भावंडे वाचवण्याचे कामही झाले. तांब्याबरोबर काही आनुवंशिक कारण असावे काय यावर वाद झाले, पण 1990 च्या दशकात हा आजार दवाखान्यांतून जवळजवळ नाहीसा झाला.

एक गोष्ट आपल्या समाजापुरती सांगायला हवी. जुन्या लेखांत अशी नोंद असे की हा आजार हिंदू कुटुंबांत जास्त, मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबांत कमी. हे कळल्यावर मला थोडा गर्व झाला. आपल्याकडे देगेला, पातेलीला कलई हवीच, हा दस्तुर. मी डॉक्टरसाहेबांना तसे म्हणालोही. ते म्हणाले, "तुमच्या मोहल्ल्यात किती घरी पितळ आहे?" मी मोजले. आमच्या बोळात बहुतेक घरी ॲल्युमिनियम होते. पितळ घ्यायची ऐपतच नव्हती. "मग धर्माला श्रेय देऊ नकोस आणि दोषही देऊ नकोस. भांडं बघ." हे वाक्य मला पुढे फार उपयोगी पडले.

शिक्षकाची नोकरी लागून मी जळगावला आलो. डॉक्टरसाहेबांशी पत्रव्यवहार होता. 1999 च्या अखेरीस त्यांनी एका पत्रात मोठ्या आनंदाने कळवले की गडचिरोलीच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गटाचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला आहे. 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवून त्यांनी नवजात बाळांची घरोघरी काळजी घेतली, 47 गावांशी ताडून बघितले, आणि तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले होते. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिले होते, 'पहिले दोन प्रश्न तपास. उत्तरे त्यात आहेत.' पुढे 2011 साली केंद्र सरकारने ही घरोघरीची काळजी आशा कार्यकर्तींच्या कामात घातली. आज आमच्या मोहल्ल्यात बाळंतिणीच्या घरी आशाताई वजनकाटा घेऊन येते, तेव्हा ती गडचिरोलीहून लंडनमार्गे आली आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते.

पण त्याच 'लॅन्सेट'ने एकदा घात केला. 1998 साली अँड्र्यू वेकफिल्ड या इंग्लंडमधल्या डॉक्टरचा लेख तिथे छापून आला. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लसीचा संबंध त्याने ऑटिझमशी सुचवला. मुले किती? 12. ताडून कोणाशी बघितली? कोणाशीच नाही. पैसा कोणाचा? लस कंपन्यांवर दावा लावणाऱ्या वकिलांकडून त्याने पैसे घेतले होते हे पुढे उघड झाले. 2002 साली अमेरिकेच्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये डेन्मार्कच्या पाच लाख सदतीस हजारांवर मुलांचा अभ्यास आला. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ऑटिझमचा काहीच फरक नव्हता. 'लॅन्सेट'ने वेकफिल्डचा लेख 2010 साली मागे घेतला. बारा वर्षे लागली. तोवर भीती जगभर फिरून आली होती.

ती आमच्या शाळेच्या फाटकापर्यंतही आली. नोव्हेंबर 2018 मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतील सगळ्या मुलांना शाळाशाळांतून लस द्यायची होती. मोबाइलवर संदेश फिरू लागले. कुणी म्हणे या लसीने मुले वेडी होतात, कुणी म्हणे आपल्या मुलांना पुढे औलाद होऊ नये म्हणून हा डाव आहे. पोलिओच्या थेंबांच्या वेळीही हेच ऐकले होते आणि त्याच थेंबांनी देश 2014 साली पोलिओमुक्त जाहीर झाला होता. तरी पालक संमतीच्या चिठ्ठ्या कोऱ्या परत पाठवत होते.

मी त्यांच्यावर रागावलो नाही. ज्यांना कुणी कधी नीट काही सांगितले नाही त्यांनी संशय घेतला तर त्यात नवल काय? जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर मी काही बापांना थांबवले. म्हटले, तुमच्या मोबाइलवरच्या कागदाला तीन प्रश्न विचारा. मग मी आणलेल्या कागदालाही विचारा. एक रिक्षावाला म्हणाला, "सर, हमको क्या समझेगा डॉक्टर लोगों का लिखा?" मी त्याला अब्बांची गोष्ट सांगितली. दुधाची आणि पितळेची. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "मतलब आपके अब्बाने अपने धंदे के खिलाफ बोला?" दुसऱ्या दिवशी त्याच्या दोन्ही मुलींच्या चिठ्ठ्या सही होऊन आल्या. सगळ्यांच्या आल्या नाहीत. 2022 च्या हिवाळ्यात मुंबई, भिवंडी आणि आमच्या शेजारच्या मालेगावात गोवर पसरला, मुले दगावली, तेव्हा त्या न आलेल्या चिठ्ठ्या मला आठवत राहिल्या. आणखी दोन जुम्मे उभा राहिलो असतो तर? असे आजही वाटते.

गेल्या वर्षी आमच्या घरी पाळणा हलला. नातू सात महिन्यांचा झाला आणि एक दिवस सूनबाईने मोबाइलवरून मागवलेले खोके उघडले. आत झगझगीत पितळेचे पातेले होते. जुन्या काळची भांडी आरोग्याला चांगली, असे तिने कुठेतरी बघितले होते. मी ते हातात घेतले, आत बोट फिरवले. कल्हई नव्हती. नुसते पिवळे पितळ.

"बेटा, यात काय करणार?"

"मुन्ने का दूध, अब्बाजी."

मी तिला शेजारी बसवून सगळे सांगितले. ती हुशार आहे. म्हणाली, "डॉक्टरबाईंना विचारू." नातवाच्या डॉक्टर तरुण आहेत, जळगावातच त्यांचा दवाखाना आहे. जर्नल्स त्या मोबाइलवर वाचतात, टपालाची वाट बघावी लागत नाही. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "काका, आमच्या पुस्तकात हे दोन ओळींत होतं. मी असा एकही पेशंट पाहिलेला नाही. त्यामुळे विचारायचंच सुटलं." ज्या आजाराला हटवले, त्याचा प्रश्नही आम्ही त्याच्याबरोबर पुरून टाकला होता.

बरीच चौकशी करून मी शहरात एक कल्हईवाला शोधला. तो भाता हाताने मारत नाही, विजेचा पंखा लावतो. पण नवसागराचा धूर तोच आणि वासही तोच. पातेले आतून चांदीसारखे झाले. आता त्यात आम्ही डाळ शिजवतो. नातवाचे दूध स्टीलच्या भांड्यात तापते.

पुढच्या महिन्यात लस द्यायला गेलो तेव्हा आमच्या आधी एक आई आत होती. दार अर्धे उघडे होते. डॉक्टरबाईंचा आवाज बाहेर ऐकू आला, "वरचं दूध देता का? कशात तापवता?"

मला अब्बा आठवले.